जुनी म्युझिकल आणि पॉप अल्बम: मत देण्याआधी सांगा, कोणती आवृत्ती?

रीळवाला

'वेस्ट साइड स्टोरी' रटाळ आहे. 'सार्जंट पेपर' लोकांनी उगाच डोक्यावर घेतलाय. 'पेट साउंड्स'मध्ये सगळा नुसता गिचमिडकाला. असं म्हणणाऱ्याला मी आधी एकच विचारतो: पाहिलंत-ऐकलंत ते नेमकं काय? एकाच नावाखाली दोन-दोन, तीन-तीन वेगळ्या गोष्टी फिरत असतात. आवृत्ती न सांगता दिलेलं मत मी हिशेबात धरत नाही. चित्रपटांपासून सुरुवात करतो, अल्बमचा भाग जाणकारांनी उचलावा.

आधी चौकट तपासा. बोलपट रुळल्यापासून १९५३ पर्यंतचे हॉलिवूडचे चित्रपट जवळपास सगळे १.३७ : १ (रुंदी : उंची) या प्रमाणात आहेत. टीव्हीचं प्रमाण १.७८ : १. म्हणजे १९२० × १०८० च्या पडद्यावर चित्राची रुंदी १४८० ठिपके आली पाहिजे आणि दोन्ही बाजूंना २२०-२२० ठिपक्यांच्या काळ्या पट्ट्या दिसल्या पाहिजेत. पडदा पूर्ण भरलेला दिसला तर चित्र आडवं ताणलंय किंवा वरखाली कापलंय. ताणलेलं लगेच ओळखू येतं, गाडीची चाकं लांबट दिसतात. कापलेलं मात्र फसवतं. उंचीचा सुमारे २३ टक्के भाग गेलेला असतो, पण संवादांत ते कळत नाही. नाच आला की कळतं. फ्रेड अस्टेअरचा आग्रह असे की नाचताना डोक्यापासून पावलांपर्यंत अख्खा देह चौकटीत असावा आणि मधे शक्य तितके कमी कट असावेत. 'टॉप हॅट' (१९३५) कापलेल्या चौकटीत पाहिला तर नेमके बूटच गायब. टॅप नाच बुटांविना पाहायचा म्हणजे तबला झाकून तबलजीचा चेहरा बघत बसायचं.

'वेस्ट साइड स्टोरी' (१९६१), 'माय फेअर लेडी' (१९६४) आणि 'द साउंड ऑफ म्युझिक' (१९६५) ही तिन्ही ६५ मिमी निगेटिव्हवर (नेहमीच्या ३५ मिमीपेक्षा रुंद फितीवर) चित्रित झालेली, पडद्यावरचं प्रमाण २.२० : १. यांना वर-खाली शंभरेक ठिपक्यांच्या पट्ट्या असल्याच पाहिजेत. नसतील तर तुम्ही रस्त्यावरच्या नाचातली कडेची दोन-तीन मुलं पाहिलेलीच नाहीत.

मग वेग. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींचा. पाल (युरोप-भारतातली टीव्हीची) पद्धतीच्या डीव्हीडीसाठी तो सरळ २५ ने पळवला जाई. वेग ४ टक्क्यांहून थोडा जास्त वाढतो. १७४ मिनिटांचा 'साउंड ऑफ म्युझिक' १६७ मिनिटांत उरकतो. एरवी हे चालवून घेता येईल, म्युझिकलमध्ये नाही, कारण पट्टीही चढते. ४४० हर्ट्झचा सूर ४५८ वर जातो. पेटीवर शेजारशेजारच्या काळ्या-पांढऱ्यात जेवढं अंतर, त्याच्या सुमारे ७० टक्के. जूली अँड्र्यूजचा आवाज चिरका वाटला तर आधी डब्यावरची मिनिटं मोजा. काही डीव्हीडींवर पट्टी मागाहून सुधारून घेतलेली असते, पण लय घाईचीच राहते.

आता टीव्हीची सेटिंग. हालचाल गुळगुळीत करणारी सोय (प्रत्येक कंपनीने तिला वेगळं नाव दिलंय) बंद करा. ती दोन चौकटींच्या मधे बनावट चौकट घालते, त्यामुळे गिरकीत हातापायांभोवती धूसर कडा दिसतात. ओव्हरस्कॅन (चित्राच्या कडा कापणारी सोय) बंद. प्लेअरचं आउटपुट २४ हर्ट्झवर.

मधली सुट्टी

२४ हर्ट्झ सगळ्यांनाच?

रीळवाला

बरं विचारलंत, एक मोठा अपवाद सांगायचा राहिला. 'ओक्लाहोमा!' (१९५५) दोनदा चित्रित झाला. एकदा टॉड-एओ या रुंद फितीच्या पद्धतीत, सेकंदाला ३० चौकटी. दुसऱ्यांदा सिनेमास्कोपमध्ये, २४ चौकटी, कारण तेव्हा बहुतेक थिएटरांत टॉड-एओची यंत्रंच नव्हती. ही एकाच चित्रीकरणाची दोन रूपं नव्हेत, टेकच वेगळे आहेत. कुठे अभिनय किंचित निराळा, कुठे ढग निराळे. ३० चौकटींची आवृत्ती ६० हर्ट्झवर लावायची, २४ वर लावली तर कॅमेरा आडवा फिरताना चित्र अडखळतं. माझा कौल टॉड-एओला. शेतातून पुढे सरकणाऱ्या पहिल्याच दृश्यात फरक डोळ्यांना कळतो.

'सेव्हन ब्राइड्स फॉर सेव्हन ब्रदर्स' (१९५४) सुद्धा दोनदा चित्रित झाला, एक सिनेमास्कोप, एक साध्या रुंद चौकटीत. तिथे निवड सोपी आहे. कोठार उभारतानाच्या नाचात सहा भाऊ, सहा मुली आणि त्यांचे प्रतिस्पर्धी एका ओळीत मावायला सिनेमास्कोपच हवा.

बेसूर

मोजपट्टी मान्य, पण तिने सगळी दुखणी बरी होत नाहीत. 'वेस्ट साइड स्टोरी' बरोबर चौकटीत, बरोबर वेगाने पाहिली तरी नायक-नायिका फिकेच. दोघांचंही गाणं त्यांचं स्वतःचं नाही आणि ते जाणवतं. ओठ एकीकडे, श्वास दुसरीकडे. त्यात सुरुवातीला चार-साडेचार मिनिटं पडद्यावर नुसत्या रेघा आणि बदलते रंग.

पडद्यामागे

रेघांचं आधी. ते चित्रपटाचं नांदीसंगीत आहे. सॉल बासने आखलेल्या त्या उभ्या रेघा शेवटी मॅनहॅटनच्या इमारती ठरतात. हा भाग पळवला तर नंतर वरून दिसणाऱ्या शहराचा धक्का बसत नाही. आवाज तुमच्या नेहमीच्या पातळीवर इथेच लावून घ्यायचा, कारण पुढे बोटांच्या चुटक्या अगदी हलक्या आहेत.

श्वासांबद्दल बेसूर यांच्याशी अर्धा सहमत. नॅटली वुडसाठी मार्नी निक्सन गायली, रिचर्ड बेमरसाठी जिमी ब्रायंट. पण दोष पार्श्वगायनाचा नाही, क्रमाचा आहे. नेहमीची रीत अशी: गाणं आधी ध्वनिमुद्रित करायचं, सेटवर लाउडस्पीकरवर वाजवायचं, नटाने त्यावर ओठ हलवायचे. इथे वुडने स्वतःच्या मुद्रणावर ओठ हलवले आणि निक्सनला मागाहून त्या ओठांवर गावं लागलं. गायिकेने श्वास कुठे घ्यायचा हे दुसरीच्या चेहऱ्याने ठरवलं. तुम्हाला खटकतंय ते हे.

उलट उदाहरण 'माय फेअर लेडी'चं. रेक्स हॅरिसन गाणं दरवेळी वेगळ्या ठेक्यात, अर्धं बोलत अर्धं गात म्हणत असल्याने आधी मुद्रित केलेल्यावर ओठ हलवायला तो तयार नव्हता. मग टायमध्ये बिनतारी मायक्रोफोन दडवून त्याची गाणी सेटवरच थेट मुद्रित केली. ऑड्री हेपबर्नची जवळपास सगळी गाणी निक्सनची. 'जस्ट यू वेट'च्या सुरुवातीला मात्र हेपबर्नचा स्वतःचा आवाज आहे आणि मधल्या वरच्या सुरांना निक्सन येते. हेडफोन लावून ऐका, सांधा सापडतो. हेपबर्नचा आवाज कच्चा आहे, पण नायिका एलायझाचा राग त्यातच जास्त खरा वाटतो.

आणि सगळ्यांत गमतीचा गुंता 'सिंगिन् इन द रेन'चा (१९५२). गोष्ट अशी की गोड गळ्याची मुलगी कॅथी (डेबी रेनॉल्ड्स) पडद्याआडून चिरक्या आवाजाच्या लीना या नटीला आवाज देते. प्रत्यक्षात 'वुड यू' या गाण्यात डेबी रेनॉल्ड्सचा आवाज बेटी नॉइजने दिलाय. आणि कॅथी लीनाचे संवाद डब करते त्या प्रसंगात ऐकू येणारा भारदस्त आवाज जीन हेगनचा, म्हणजे खुद्द लीनाचं काम करणाऱ्या नटीचा!

बेसूर

हे शेवटचं भारी आहे. पण फिकेपणा गेला नाही.

पडद्यामागे

तो जाणारही नाही. नायक-नायिका रंगमंचावरही नाटकाचा कमजोर भागच आहेत. सगळी जान रस्त्यावरच्या टोळ्यांत आणि नायिकेची मैत्रीण अनीता हिच्यामध्ये. चित्रपटाने एक काम मात्र नाटकापेक्षा चांगलं केलं. 'कूल' नाटकात मारामारीच्या आधी येतं आणि 'ऑफिसर क्रपकी'चा विनोद दोन मुडदे पडल्यानंतर. चित्रपटात अदलाबदल केली. आता 'कूल' मारामारीनंतर, गॅरेजमध्ये, बुटक्या छताखाली, म्हणजे घाबरलेल्या पोरांना आवरण्यासाठीच. 'अमेरिका' नाटकात फक्त मुलींचं होतं, चित्रपटात मुलं विरुद्ध मुली झालं आणि त्यात खरा वाद आला. 'आय फील प्रिटी' मात्र मारामारीच्या आधी नेऊन घालवलं. नाटकात ते दुसऱ्या अंकाच्या सुरुवातीला आहे. नायिकेचा भाऊ मेलाय हे प्रेक्षकाला माहीत, तिला नाही. चित्रपटात ते नुसतं गोड गाणं उरतं.

तबकडी३३

अल्बमचं मी घेतो.

'सार्जंट पेपर' (१९६७) स्टिरिओत (डावा-उजवा आवाज वेगळा) ऐकून नावं ठेवणाऱ्यांनी मोनो (दोन्हीकडे एकच आवाज) ऐकावा. तेव्हा मोनो हाच मुख्य मिक्स. बीटल्स त्याला स्वतः हजर होते, त्यावर आठवडे घालवले गेले. स्टिरिओ निर्माता जॉर्ज मार्टिन आणि ध्वनिमुद्रक जेफ एमरिकनी त्यांच्याशिवाय काही दिवसांत उरकला. फरक निव्वळ डाव्या-उजव्याचा नाही. 'शीज लीव्हिंग होम' मोनोत जलद आहे आणि एफ पट्टीत आहे, स्टिरिओत संथ आणि ई पट्टीत. स्टिरिओतलं रडगाणं वाटतं, मोनोत गोष्ट पुढे सरकते. शीर्षकगीताच्या पुनरावृत्तीत मोनोला ड्रम्स जास्त अंगावर येतात.

मोनोच नेहमी सरस, असाही नियम नाही. 'व्हाइट अल्बम'मधलं (१९६८) 'हेल्टर स्केल्टर' स्टिरिओत साडेचार मिनिटांचं: आवाज विरतो, परत येतो आणि शेवटी रिंगोची ती आरोळी. मोनोत हे शेपूटच नाही, पावणेचार मिनिटांच्या आत संपतं. तिथे स्टिरिओ. 'अ‍ॅबी रोड'चा (१९६९) मोनो मिक्स झालाच नाही, 'दुर्मीळ मोनो' म्हणून कुणी दाखवलं तर तो स्टिरिओच एकत्र केलेला. 'हेल्प!' आणि 'रबर सोल' यांच्या १९८७ च्या सीडीवर मार्टिनने नव्याने केलेले स्टिरिओ मिक्स आहेत, १९६५ चे नव्हेत. २००९ च्या वेगळ्या स्टिरिओ सीडींवरही तेच. १९६५ चा स्टिरिओ हवा असेल तर २००९ च्या मोनो संचातल्या या दोन सीडी घ्या, मोनोच्या मागोमाग तो जोडलेला आहे.

बीच बॉइजच्या 'पेट साउंड्स'ला (१९६६) गिचमिड म्हणणाऱ्यांचं थोडं खरं आहे. त्यांच्या ब्रायन विल्सनला उजव्या कानाने जवळपास ऐकू येत नसे, त्याने अल्बम मोनोतच रचला. दोन वाद्यं एकाच सुरावर चढवून तिसराच आवाज काढायचा हा त्याचा हातखंडा. स्टिरिओ मिक्स बाजारात आला १९९७ मध्ये. त्यात प्रत्येक वाद्य सुटं कळतं, आणि नेमकं म्हणूनच ते मिश्रण फुटतं. अभ्यासाला स्टिरिओ, ऐकायला मोनो. मोनो ऐकताना एकच स्पीकर लावून बघा. दोन स्पीकर आणि खोलीच्या भिंती यांच्या परावर्तनांत मधला खर्ज पसरट होतो. एका स्पीकरवर तोच बांधीव वाटतो.

मधली सुट्टी

फोनवर 'मोनो ऑडिओ'ची सेटिंग असते, ती चालू केली की काम झालं ना?

तबकडी३३

नाही. त्याने स्टिरिओ मिक्सचे दोन भाग एकत्र होतात, मोनो मिक्स मिळत नाही. शिवाय मधोमध ठेवलेले आवाज, म्हणजे बहुधा गायक आणि बेस, कडेच्या आवाजांपेक्षा साधारण ३ डेसिबलने पुढे येतात. सुरुवातीच्या स्टिरिओत गाणं पूर्ण उजवीकडे आणि वाद्यं पूर्ण डावीकडे असतात, हेडफोनवर डोकं दुखतं, तिथे ही सेटिंग उपयोगी. त्याहून बरा क्रॉसफीड, जो एका बाजूचा थोडा आवाज किंचित उशिराने दुसऱ्या कानात सोडतो.

अ‍ॅपवर ऐकत असाल तर शफल बंद, क्रॉसफेड (एक गाणं दुसऱ्यात मिसळणं) शून्य, गाण्यांमधली फट काढणारी सोय चालू. आवाज समान करणारी सोय ठेवायचीच तर 'अल्बम'वर ठेवा. 'गाणं'वर ठेवली की हळू गाणं वर उचललं जातं आणि ओळीने ऐकताना चढउतार मरतो.

बेसूर

आणि बाजू! त्याबद्दल कुणी बोलत नाही. हे अल्बम दोन अंकी नाटकासारखे बांधलेत. 'अ‍ॅबी रोड'च्या पहिल्या बाजूचा शेवट 'आय वाँट यू', पावणेआठ मिनिटं, घोंगावतं वादळ, आणि मधेच कात्रीने कापल्यासारखी शांतता. तबकडी उलटायला लागायचा तेवढा वेळ ती शांतता टिकायची. सीडीवर लगेच 'हिअर कम्स द सन' सुरू होतं आणि त्या कापण्याची मातीच होते. तिथे हाताने थांबवा, अर्धा मिनिट जाऊ द्या, मग लावा.

फ्लीटवुड मॅकचा 'रूमर्स' (१९७७) त्याहून वाईट भोगतोय. पहिली बाजू 'साँगबर्ड'वर अलगद टेकते, दुसरी 'द चेन'ने उघडते. २००४ च्या आवृत्तीत या दोघांच्या मधे 'सिल्व्हर स्प्रिंग्ज' कोंबलं. गाणं उत्तम आहे, 'गो युअर ओन वे'च्या मागच्या बाजूला वाया गेलं होतं हेही खरं. म्हणून सांध्यात घालायचं? जादा गाणी शेवटी लावावीत, तीही मधे मोकळी जागा सोडून.

तबकडी३३

+१. बाजूंना भौतिक कारणही आहे. बारा इंची तबकडी ३३⅓ फेऱ्यांनी फिरते. बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटीमीटर खाच जाते, आतल्या टोकाला जेमतेम २१. तेवढ्याच आवाजाला निम्म्याहून कमी जागा, त्यामुळे आतल्या गाण्यांत 'स'कार फाटतो, झांजा किरकिरतात. म्हणून बाजूच्या शेवटी बरेचदा हळुवार गाणं ठेवत. 'साँगबर्ड' तिथे नुसतं भावनेपोटी बसलेलं नसावं.

लांबीचंही तसंच. एका बाजूवर १८-२० मिनिटं असतील तर खाच खोल आणि रुंद कापता येते. २५ च्या पुढे आवाजाची पातळी उतरवावी लागते, खर्ज आधी जातो. 'थ्रिलर'चा (१९८२) पहिला अंतिम मिक्स याच कारणाने पातळ निघाला होता. मग गाणी छाटली आणि एकेक करून पुन्हा मिक्स केली. नऊच गाणी, ४२ मिनिटं. आजच्या वीस गाण्यांच्या अल्बमांना अशी कात्री लावणारं कुणी हवं होतं.

पडद्यामागे

अल्बमच्या ओघात नाटकांच्या मूळ संचाच्या तबकड्याही घ्या. 'माय फेअर लेडी'च्या दोन आहेत, मुखपृष्ठांवरून घोटाळा होतो: १९५६ ची न्यूयॉर्कची मोनो आणि १९५९ ची लंडनची स्टिरिओ. प्रमुख नट तेच. दुकानदार स्टिरिओ म्हणून दुसरी पुढे करतात. घ्यावी पहिली. १९५९ पर्यंत हॅरिसनला प्रत्येक हशाची जागा पाठ झाली होती आणि तो तिथे थांबतो. १९५६ मध्ये अजून तो पात्राच्या रागात असतो.

आणि 'अ स्टार इज बॉर्न' (१९५४) पाहताना मधेच चित्र थांबून नुसती छायाचित्रं दिसू लागली तर फाइल बिघडलेली नाही. प्रदर्शनानंतर स्टुडिओने सुमारे अर्धा तास कापला होता. १९८३ मध्ये आवाज सापडला, काही चित्रं सापडली नाहीत, तिथे छायाचित्रं लावून १७६ मिनिटांची प्रत केली. छायाचित्रं नसतील तर तुमच्याकडे छाटलेली प्रत आहे. चित्रपट तीन तासांचा झाला तरी जलद वाटतो, कारण कापलेल्या भागातच दोघांचं प्रेम जुळतं.

रीळवाला

रंगांचं एक राहिलं. १९५० नंतरच्या इस्टमनकलर प्रतींचे रंग उडतात, आधी निळा-हिरवा, मग सगळं गुलाबी-तपकिरी. जाक देमीचा 'ले पाराप्लुई द शेरबूर' (१९६४) असा फिकट पाहिला असेल तर पाहिलाच नाही असं समजा. त्यात भिंतीचा कागद, छत्री, कोट यांचे रंग एकमेकांशी भांडतात, तेच अर्धं कथानक आहे. देमीने तिन्ही रंगांच्या कृष्णधवल प्रती वेगळ्या काढून ठेवल्या होत्या. कृष्णधवल फीत उडत नाही, त्यावरूनच नव्वदच्या दशकात रंग परत आणता आले. यात एकही संवाद बोललेला नाही, पेट्रोलपंपावरचा व्यवहारसुद्धा गायलेला आहे. पहिली दहा मिनिटं हसू येतं, येऊ द्या.

मधली सुट्टी

एक शेवटचं. हातातली फाइल खरी मोनो की डब्यावर नुसतं 'मोनो' छापलंय, हे कसं ओळखायचं?

तबकडी३३

ऑडॅसिटीत (ध्वनिसंपादनाचं सॉफ्टवेअर) उघडा. स्टिरिओ ट्रॅक दोन मोनो ट्रॅकमध्ये विभागा, एक निवडून 'इन्व्हर्ट' करा, दोन्ही निवडून मिक्स करा. संपूर्ण शांतता मिळाली तर खरा मोनो. तबकडीवरून घेतलेली फाइल असेल तर थोडी खरखर आणि टिकटिक उरते, तेही चालेल. चिरका सूर आणि विचित्र घुमणं उरलं तर तो बनावट स्टिरिओ: अमेरिकेत साठीच्या दशकात मोनोचा खर्ज एका बाजूला, वरचे सूर दुसऱ्या बाजूला, मधे किंचित विलंब असं करून विकत. असा माल पुन्हा एकत्र केला तरी विलंबामुळे काही सूर खातो, तेव्हा दुसरी आवृत्तीच शोधा.

मधली सुट्टी

करून पाहिलं. गायक गेला, पण त्याचा घुमारा आणि व्हायोलिन उरलीत.

तबकडी३३

मग तो खरा स्टिरिओ आहे, गायक मधोमध होता म्हणून वजा झाला. 'मोनो' फक्त डब्यावर.